शंभर उत्तरदात्यांवरून काय सांगता येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात कापूस उत्पादक कुटुंबांचा कर्जबाजारीपणा आणि त्या कुटुंबांतील स्त्रियांचे श्रम या विषयावर तुमचे पीएच.डी.चे काम सुरू आहे. मार्गदर्शकांनी 100 उत्तरदाते घ्यायला, मुलाखत अनुसूची भरून घ्यायला आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी सांख्यिकीय चाचणी) लावायला सांगितले आहे. ज्या कार्यकर्त्यांबरोबर तुम्ही गावोगाव फिरता, त्यांचे म्हणणे मात्र असे की माणसाचे दुःख टक्केवारीत मावत नाही, तेव्हा आकडेमोड सोडा आणि लोकांशी बोला. अशा वेळी सामाजिक संशोधनात संख्यात्मक पद्धतीचे स्थान काय आणि प्रबंधात तिला किती जागा द्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या विषयाला मोजणीवाचून गत्यंतर नाही, परंतु तिचे कारण काय-वर्ग चाचणी हे नाही. कितीपैकी किती आणि कोणाच्या तुलनेत किती, हे दोन प्रश्न ज्या विषयात उभे राहतात तिथे संख्यात्मक पद्धत लागतेच, आणि कर्ज व श्रम हे दोन्ही त्याच जातीचे विषय आहेत. मात्र कोणाला मोजायचे, काय मोजायचे आणि कोणत्या तारखेचे मोजायचे हे गावात पाऊल टाकण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर पुढे संगणकावर कितीही चाचण्या लावल्या तरी त्यांतून काही निष्पन्न होत नाही. तुमच्या मार्गदर्शकांचा सारा भर शेवटच्या पायरीवर आहे. मी पहिल्या पायऱ्यांविषयीच जास्त लिहिणार आहे.

आधी तुलनेचे पाहू, कारण आपल्याकडील ग्रामीण प्रश्नांवरच्या प्रबंधांत तिचीच सर्वांत जास्त वानवा असते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांना भेटी द्यायच्या, त्यांतील बहुतेकांवर कर्ज होते असे नोंदवायचे आणि कर्ज हेच कारण ठरवून मोकळे व्हायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही उणे आहे असे कोणाला वाटतही नाही. समजा, अशा 100 कुटुंबांपैकी 85 कुटुंबांवर कर्ज निघाले. ही संख्या मोठी की साधारण, हे त्याच गावातील, जवळपास तेवढीच कोरडवाहू जमीन असलेल्या, परंतु आत्महत्या न घडलेल्या कुटुंबांना विचारल्याशिवाय कळू शकत नाही. तिथेही 85च निघाली, तर कर्ज असणे ही त्या गावाची सर्वसाधारण स्थिती आहे आणि फरक दुसरीकडे शोधावा लागेल: कर्ज किती वर्षे थकलेले, कर्ज देणारे किती, त्या वर्षी घरात लग्न किंवा मोठे आजारपण होते का, विहीर खोदून पाणी लागले का. तिथे 50च निघाली, तर कर्जाबद्दल काही ठामपणे बोलायला जागा आहे. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या सृजित मिश्रा यांनी 2006 साली दिलेल्या अहवालात वर्धा, वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या जोडीला आत्महत्या न घडलेली कुटुंबेही अभ्यासली होती, ती याचसाठी. तुम्ही तो अहवाल पुरवणी वाचन म्हणून न वाचता तुमच्या आराखड्याचा नमुना म्हणून वाचावा.

आत्महत्यांचा विषय निघालाच आहे, तर आकड्यांच्या दोन स्रोतांविषयीही सांगतो. राज्य शासनाकडे जी प्रकरणे येतात, त्यांची पात्र आणि अपात्र अशी छाननी होते. जमीन स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावावर असणे, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज असणे आणि त्या कर्जाचा तगादा असणे, हे 1 लाख रुपयांच्या मदतीसाठीचे निकष आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी पोलिसांच्या नोंदींतून, मृताच्या व्यवसायानुसार तयार होते. तिच्यात 1995पासून शेतीवरच्या लोकांची वेगळी नोंद आहे आणि 2014पासून शेतकरी व शेतमजूर हे दोन निराळे रकाने आहेत. पहिली यादी मदत कोणाला द्यायची या प्रश्नाचे उत्तर आहे, दुसरी पोलिसांनी व्यवसाय काय लिहिला याचे. बटईने किंवा मक्त्याने शेत करणारा, परवाना नसलेल्या सावकाराच्या देण्यात बुडालेला माणूस पहिल्या यादीत अपात्र ठरतो. नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावरच्या शेतात जन्मभर राबलेली बाई पोलिसांच्या कागदावर बहुधा गृहिणी होते. एका तक्त्यात पहिल्या स्रोताचे एक वर्ष आणि दुसऱ्याचे दुसरे वर्ष शेजारीशेजारी मांडून वाढ किंवा घट दाखवणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. तशी वाढ दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी.

तुलना नीट बांधली म्हणजे काय साधते, हे पाहायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 62 होता, तो तिसऱ्या वर्षी 25.5वर आला, तुलनेच्या गावांत तशी घट दिसली नाही. ती 47 गावे नसती, तर रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, लोक शिकले, म्हणून दर उतरला असे कोणीही म्हटले असते आणि त्याला उत्तर देता आले नसते. प्रयोगाच्या गावांतली मेहनत आपल्याला पटकन दिसते. तुलनेच्या गावांत काहीही न करता फक्त जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे नोंदवत राहण्याची मेहनत दिसत नाही, आणि निष्कर्षाचा निम्मा भार तिच्यावर असतो.

कर्जाच्या बाबतीत असा प्रयोग तुम्ही करू शकणार नाही. कोणाला कर्ज द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे संशोधकाच्या हातात नसते. तरीही शासनाचे नियम कधी कधी तुलना आयती तयार करून देतात. 2008च्या केंद्रीय कर्जमाफीत 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना एकरकमी परतफेडीवर 25 टक्के सूट मिळाली. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांनी या अटीवर तेव्हाच आक्षेप घेतला होता, कारण इथली सात एकर कोरडवाहू जमीन ही बागायती भागातील दोन एकरांची बरोबरी करीत नाही. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ही रेषा उपयोगी आहे. 1.9 हेक्टरवाला आणि 2.1 हेक्टरवाला हे दोन शेतकरी इतर सर्व बाबतींत जवळजवळ सारखेच असतात. फरक असतो तो माफीचा. रेषा पाहून लोकांनी मुलांच्या नावे वाटणी केली असती तर ही तुलना नासली असती, पण त्या योजनेत कर्जमंजुरीच्या वेळची जमीन धरली गेली होती, त्यामुळे मागाहून केलेल्या फेरफाराचा उपयोग नव्हता. अशी रेषा कुठे आहे आणि ती ओलांडायला वाव होता का, हे तपासायला सांख्यिकीपेक्षा शासन निर्णय बारकाईने वाचण्याची सवय जास्त कामी येते.

आता काय मोजायचे याकडे वळतो. देशातील किती शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आहेत, याचे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे तुमच्या पहिल्या प्रकरणात असतीलच: 2003च्या फेरीत 48.6 टक्के, 2013च्या फेरीत 51.9 टक्के आणि 2019च्या फेरीत 50.2 टक्के. हे तीन आकडे एका रेषेत मांडण्यापूर्वी शेतकरी कुटुंब म्हणजे काय, याची व्याख्या पाहा. 2003मध्ये जमीन ताब्यात असणे आवश्यक होते. 2013मध्ये ती अट गेली आणि वर्षाला 3,000 रुपयांहून अधिक किमतीचे शेती उत्पादन व घरातील किमान एक जण शेतीत स्वयंरोजगारी असणे, ही अट आली. 2019मध्ये ती रक्कम 4,000 झाली. म्हणजे ज्यांची टक्केवारी काढली, तो समूहच बदलला.

त्याच 2019च्या फेरीतील सरासरी थकीत कर्ज 74,121 रुपये हा आकडाही भाषणांत फार फिरतो. ही सरासरी सर्व शेतकरी कुटुंबांवर काढलेली आहे, कर्ज नसलेल्या निम्म्या कुटुंबांसह. फक्त कर्जदार कुटुंबांचा विचार केला तर 74,121ला 0.502ने भागावे लागेल आणि उत्तर सुमारे 1 लाख 48 हजार येईल. पहिला आकडा खोटा नाही, परंतु ज्या घरात तुम्ही उद्या जाऊन बसणार आहात त्या घराचे वर्णन दुसरा आकडा करतो. तुमच्या नमुन्यात एखाद्या घरावर 12 लाखांचे ट्रॅक्टरचे कर्ज असेल, तर सरासरी फुगेल. म्हणून सरासरीबरोबर मध्यगा, म्हणजे सर्व रकमा चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी रक्कम, द्याच.

आणि आता तारखेबद्दल, कारण हा मुद्दा पुस्तकांत क्वचित भेटतो आणि गावात पहिल्याच आठवड्यात समोर येतो. गावच्या सहकारी सोसायटीचे पीक कर्ज 31 मार्चपर्यंत भरले तर व्याजाची सवलत मिळते. हातात पैसा नसतो, म्हणून माणूस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी काही दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, एप्रिल-मे महिन्यात नवे पीक कर्ज उचलतो आणि त्यातून उसनवारी फेडतो. याला गावात ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. आता याच कुटुंबात तुमचा अन्वेषक 30 मार्चला गेला, तर खाजगी कर्ज 80,000 आणि संस्थात्मक कर्ज शून्य अशी नोंद होईल. 25 मेला गेला, तर बरोबर उलट. कुटुंब तेच, देणे तेच, तक्ता मात्र पूर्ण पालटलेला. अर्धी गावे मार्चमध्ये आणि अर्धी मेमध्ये झाली, तर या गावांत सावकारी जास्त आणि त्या गावांत कमी असा निष्कर्ष निघेल व तो चाचणीत सार्थही, म्हणजे योगायोगाने न आलेला, ठरेल. यावर उपाय नवा नाही: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत थकबाकी एका ठरलेल्या दिवसाची, मागील फेऱ्यांत 30 जूनची, विचारली जाते, मग अन्वेषक घरी केव्हाही जावो. तुम्हीही पोळा, दसरा असा लोकांच्या लक्षात राहणारा एक दिवस धरा आणि त्या दिवशी कोणाचे किती देणे होते ते विचारा. दिवस लोकांच्या कामाशी जोडलेला असावा. कागदावरची तारीख सांगून शेताच्या बांधावर काहीही आठवत नाही.

प्रश्नाचे शब्दही तितकेच जपावे लागतात. “तुमच्यावर कर्ज आहे का?” या प्रश्नाला “नाही जी” असे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. कर्ज म्हणजे बँकेचे किंवा सोसायटीचे, असे त्याच्या मनात असते. कृषी केंद्रातून बी-बियाणे आणि फवारणीच्या औषधाची जी उधारी कापूस निघेपर्यंत चालते ती त्याच्या लेखी उधारी, सोने ठेवून आणलेले पैसे म्हणजे गहाण, आणि बायकोने गटातून घेतलेले पैसे म्हणजे तिचे हप्ते. म्हणून एकच प्रश्न न विचारता प्रत्येक ठिकाणाचे नाव घेऊन विचारावे: सोसायटी, बँक, कृषी केंद्र, सराफ, फायनान्सचा गट, नातेवाईक, शेतमालाचा व्यापारी, सावकार. फायनान्सच्या गटाचा प्रश्न घरातील बाईलाच, आणि शक्य तर एकटीला विचारावा. नवऱ्याला त्या हप्त्यांची रक्कम ठाऊक असते असे धरून चालू नये. उत्पादनाचेही तसेच. “एकरी चार पोते सोयाबीन झालं” हे उत्तर तुमच्या तक्त्यात क्विंटल म्हणून जाण्याआधी त्या घरच्या पोत्यात किती किलो भरतात, ते विचारलेले असले पाहिजे.

स्त्रियांच्या श्रमाच्या बाबतीत तर चुकीचा प्रश्न माणसालाच नाहीसे करतो. अनुसूचीत ‘व्यवसाय’ हा रकाना असतो, अन्वेषक घरच्या पुरुषाला विचारतो, तो म्हणतो “घरीच असते”, आणि बाई गृहिणी होते. राष्ट्रीय सर्वेक्षणांत 92 आणि 93 हे दोन सांकेतिक क्रमांक आहेत: फक्त घरकाम करणारी, आणि घरकामाबरोबर सरपण, चारा, शिवणकाम अशी घरापुरती कामे करणारी. दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. आता तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारून पाहा: “काल पहाटेपासून काय काय केलं, एकेक सांगा.” मग पाणी भरणे, शेण काढणे, भाकरी थापणे, दहाच्या सुमारास डबा घेऊन वावरात जाणे, दोन-अडीच वाजेपर्यंत निंदण, येताना शेळ्यांसाठी पाला आणि डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा, हे सगळे एकामागून एक बाहेर येते. वावरातले ते चार तास घरच्या शेतावर असल्याने त्यांची मजुरी कोणी दिली नाही, म्हणून तिच्याही हिशेबात ते काम नव्हते. दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेली तर रोजी मिळते, वेचणीला गेली तर किलोवर पैसे मिळतात. घरच्या कापसाची वेचणी मात्र बिनमोल आणि बिननोंदीची.

2019 सालच्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात आदल्या दिवशीच्या पहाटे 4पासून पुढच्या 24 तासांचा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत हिशेब घेतला होता. तुम्ही ती पद्धत उचलावी. फक्त वर्षात किमान दोनदा, एकदा निंदणाच्या हंगामात आणि एकदा वेचणीच्या, कारण चैत्र-वैशाखातला दिवस पाहून कापसाच्या घरातील बाईच्या वर्षाबद्दल बोलता येणार नाही. इथे तुमच्या कार्यकर्त्यांना एक सांगावेसे वाटते. बाईच्या कष्टाबद्दल हळहळ सगळेच व्यक्त करतात. तिचे दिवसाचे नऊ-दहा तास, त्यांपैकी घरच्या शेतावरचे किती आणि बिनपैशाचे किती, हे मांडल्यावर पीक विमा, शेतकरी म्हणून नोंद, वारसाहक्क या प्रश्नांवर तालुक्याच्या ठिकाणी भांडता येते. डॉ. राणी बंग यांचा 1989चा अभ्यास याच तोडीचा आहे. गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी झाली, 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक संसर्गाचा एखादा तरी विकार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया 8 टक्क्यांच्या आसपास होत्या. रुग्णालयात आलेल्या बायका मोजल्या असत्या तर हे कधीच कळले नसते, कारण न बोलणाऱ्या बायका तिथे पोहोचतच नव्हत्या. ज्यांना दुःख टक्केवारीत मावत नाही असे वाटते, त्यांनी या 92 टक्क्यांपाशी थोडे थांबावे.

नमुन्याबाबत मार्गदर्शकांशी बोलताना उपयोगी पडेल असे थोडे गणित देतो. 100 कुटुंबे संपूर्ण तालुक्यातून खरोखर यादृच्छिक पद्धतीने निवडली आणि निम्मी कर्जबाजारी निघाली, तर 95 टक्के विश्वासाने तुम्ही एवढेच म्हणू शकता की खरे प्रमाण 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असावे. ही पट्टी 45 ते 55 करायची तर 384 कुटुंबे लागतात. परंतु कोणीही तालुकाभर विखुरलेली कुटुंबे शोधत फिरत नाही. आपण गावे निवडतो आणि प्रत्येक गावात काही घरे. एकाच गावातील घरे एकमेकांसारखी असतात, कारण सोसायटी एक, पाऊस एक, माती एक, आणि धरणाचे पाणी असेल तर सर्वांना. ही सारखेपणाची मात्रा (0 म्हणजे काहीच सारखेपणा नाही, 1 म्हणजे घरे हुबेहूब) 0.1 एवढीच धरली, तरी 10 गावांतील 20-20 मिळून 200 घरांची किंमत सुमारे 69 स्वतंत्र घरांएवढी उरते. तीच 200 घरे 20 गावांतून 10-10 घेतली, तर ती किंमत 105 होते. पेट्रोलचा खर्च वाढेल, पण गावे वाढवा आणि गावागणिक घरे कमी करा. 4 गावांतील प्रत्येकी 25 घरे हा प्रबंधांत नेहमी दिसणारा आराखडा, खरे तर 4 गावांची कहाणी असतो. ती कहाणी म्हणून लिहिली तर तिच्यात काही वावगे नाही, तालुक्याची टक्केवारी म्हणून लिहिली तर आहे.

घरे कोणत्या यादीतून काढता, यावर आणखी बरेच ठरते. ग्रामपंचायतीची कर आकारणीची यादी किंवा मतदार यादी सोयीची असते, परंतु गावापासून दूर असलेल्या वस्त्या, म्हणजे कोलामांचे पोड व पारध्यांचा बेडा, आणि दिवाळीनंतर बाहेरगावी कामाला गेलेली कुटुंबे अशा याद्यांत किंवा तुमच्या भेटीच्या दिवशी निसटतात. निसटणारी माणसे ही सरासरी माणसे नसतात, म्हणून थोडीशी गळतीही निष्कर्ष वाकवते. गळती किती, याचा अंदाज बांधायची एक जुनी युक्ती आहे: सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949मध्ये मांडलेली, बंगालमधील सिंगूर येथे तपासलेली. दोन स्वतंत्र याद्या करायच्या आणि जुळवायच्या. समजा, एका गावातील बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांच्या यादीत गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशा ताईंनी 40 नावे दिली, तुमच्या घरोघरच्या पाहणीत 36 आली आणि 30 नावे दोन्हींत आहेत. 40 गुणिले 36, भागिले 30, म्हणजे 48. दोन्ही याद्या मिळून 46 नावे होतात. उरलेली दोन कुटुंबे दोघांनाही सापडली नाहीत. अट एकच, की तुमच्या अन्वेषकाने आशा ताईंची वही आधी पाहिलेली नसावी. देशाच्या जन्म-मृत्यू दरांसाठी जी नमुना नोंदणी पद्धती चालते, ती याच दुहेरी नोंदीच्या तत्त्वावर उभी आहे.

काय-वर्ग चाचणीबद्दल मला फार लिहायचे नाही. जातीचे 5 गट आणि कर्जस्रोताचे 5 गट घेतले की 25 चौकटी होतात. 100 कुटुंबे त्यांत वाटली की चौकटीला सरासरी 4 येतात, आणि अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर चौकटीत यायला हवी ती संख्या) 5पेक्षा कमी असलेल्या चौकटी फार झाल्या की ही चाचणी भरवशाची राहत नाही. दुसरे, सर्व चलांचा सर्व चलांशी संबंध लावून 40 तक्ते केले, तर 5 टक्के पातळीवर दोनेक तक्ते निव्वळ योगायोगाने सार्थ निघतील आणि नेमके तेच दोन गोषवाऱ्यात जातील. गावात जाण्यापूर्वी तीन किंवा चार गृहीतके लिहून ठेवा आणि तेवढीच तपासा. संबंध आहे की नाही यापेक्षा फरक केवढा आहे, हे रुपयांत आणि तासांत सांगा.

‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पायऱ्यांची मापनश्रेणीही शक्य तर टाळा. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाने वाचून दाखवलेल्या विधानाला खाटेवर बसलेला म्हातारा सौजन्याने होच म्हणतो. ठेवायचीच असेल तर काही विधाने उलट अर्थाची घाला. दोन्ही बाजूंना हो मिळाले की त्या श्रेणीचे काय करायचे ते तुम्हाला कळेल.

कार्यकर्त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरते, की वर सांगितलेला एकही चांगला प्रश्न लोकांशी निवांत बोलल्याशिवाय तयार झाला नसता. नवे-जुने, उधारी आणि कर्ज यांतला भेद, पोत्याचे वजन, या गोष्टी कोणत्याही अनुसूचीत आधी नसतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने अनुसूची न नेता दोन गावांत राहा, सोसायटीच्या सचिवाशी, कृषी केंद्रवाल्याशी, बचत गटाच्या अध्यक्ष ताईंशी बोला, आणि मगच प्रश्न लिहा. मोजणी झाल्यावरही तक्त्यात जी घरे विजोड दिसतात, म्हणजे जमीन कमी असून कर्ज नाही किंवा ओलित असून थकबाकी मोठी, त्यांच्याकडे पुन्हा जा. सरासरीला अपवाद असलेले घर बऱ्याचदा सरासरीपेक्षा जास्त शिकवते.

तुमच्या प्रबंधाचा आराखडा मी असा करीन: तालुक्यातील 20 गावे, पोड आणि बेडे स्वतंत्र वस्ती म्हणून यादीत धरून; प्रत्येक गावात आधी सर्व घरांची छोटी नोंद आणि तिच्यातून 10 घरे; थकबाकी पोळ्याच्या दिवसाची; स्त्रियांचा 24 तासांचा हिशेब दोन हंगामांत; आणि शेवटी 12-15 घरांच्या दीर्घ मुलाखती. हे एकट्याने झेपणारे नाही असे वाटले, तर घरे कमी करा, गावे करू नका. मार्गदर्शकांनी 100चाच आग्रह धरला तर 20 गावांतून पाच-पाच घ्या. किती घरे बंद होती, किती जणांनी नकार दिला, स्त्रीच्या प्रश्नांना किती ठिकाणी पुरुषाने उत्तर दिले, हा हिशेब गावनिहाय ठेवा आणि तो परिशिष्टात न लपवता पद्धतीच्या प्रकरणात छापा. कोरी अनुसूचीही जशीच्या तशी जोडा, म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता ते परीक्षकांना पाहता येईल. काय-वर्ग चाचणी लावायचीच असेल तर कर्जस्रोताचे संस्थात्मक आणि खाजगी असे दोनच गट करून लावा, आणि तक्त्याखाली गावांची संख्या व संदर्भाचा दिवस लिहायला विसरू नका.